१६.६७ मिलिसेकंदांची लोकल

२०१० च्या दिवाळीत मी चोवीस पणत्या लावल्या आणि एका दुकानदाराचा कॉम्प्युटर तापवला.

काम तसं किरकोळ होतं. पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट तेव्हा माझ्याकडे होती. दुकानाच्या काकांना दिवाळीसाठी पहिल्या पानावर 'काहीतरी हलतं' हवं होतं. फ्लॅश (हालचालींसाठी ब्राउझरमध्ये वेगळं बसवावं लागणारं, आयफोनवर न चालणारं सॉफ्टवेअर) नको, हे मी त्यांना आधीच पटवलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्सनं फ्लॅशला जाहीर सोडचिठ्ठी दिली होती आणि काकांच्या मुलानं नुकताच आयफोन घेतला होता, त्यामुळे पटवायला फार वेळ लागला नाही. मग मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, पणत्या केल्या. पानाच्या वरच्या कडेला चोवीस पणत्यांची ओळ, प्रत्येकीची ज्योत थरथरणारी, आणि मधून मधून वरून ओघळणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी रात्री दीड वाजता घरच्यांना उठवून दाखवलं होतं.

वसुबारसेच्या दिवशी काकांचा फोन. "मॅडम, तुमच्या पणत्या लावल्यापासून मशीनचा पंखा बंदच होत नाहीये हो. बिल काढताना पण अडकतंय."

दुकानात गेले. ऐन गर्दीची वेळ. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर पूर्ण पडदा व्यापून बसलेलं, त्याच्या मागे ब्राउझर, आणि ब्राउझरमध्ये तिसऱ्या की चौथ्या टॅबमध्ये आमची साइट. काकांनी सकाळी कौतुकानं उघडली होती, मग तशीच राहिली. तिथे माझ्या चोवीस ज्योती दिवसभर थरथरत होत्या. तेल जळत होतं, उजेड कुणालाच नव्हता.

मी टॅब बंद केला. पंखा अर्ध्या मिनिटात शांत झाला. काका म्हणाले, "दिवा लावला की कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं." ते सहज बोलले असतील, मला मात्र ते चांगलंच लागलं.

आता माझा गुन्हा नीट सांगते. प्रत्येक पणतीला मी स्वतंत्र टायमर दिला होता, सेट-इंटरव्हल, दर १० मिलिसेकंदांनी. म्हणजे एका पणतीचे सेकंदाला १०० हेलकावे, चोवीस पणत्यांचे २४००. इतके का? तर जितके जास्त तितकं गुळगुळीत, असं मला वाटायचं. बहुतेकांना वाटायचं. सेट-इंटरव्हल हा आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा असतो. एकदा जिलब्यांचं ताट हातात घेतलं की पान भरलंय का, माणूस हात आडवा धरतोय का, जेवणारा उठून हात धुवायला गेलाय का, काही बघत नाही, ठरल्या वेळी वाढत राहतो. थांब म्हणेपर्यंत.

आणि दुसऱ्या टोकाला पडदा. पडद्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. त्या वेळचे बहुतेक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र नव्यानं उमटवायचे, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. माझं बालपण डोंबिवलीत गेलंय, त्यामुळे मला हे लोकलच्या भाषेतच कळतं. दर १६.६७ मिलिसेकंदांनी एक गाडी फलाटाला लागते आणि सुटते. तुम्ही वेळेवर तयार असाल तर त्या गाडीत. अर्ध्या मिलिसेकंदानं चुकलात तर पुढची गाडी, मधलं काही नाही. म्हणून एका चित्राचं काम १६ ऐवजी १७ मिलिसेकंदांत होऊ लागलं तर हालचाल थोडीशी मंदावत नाही. दर वेळी गाडी चुकते, आणि साठाच्या जागी तीसच चित्रं पोचतात. आणि एका गाडीच्या वेळेत तुम्ही दोन चित्रं तयार केलीत तर पहिलं फलाटावरच राहतं. ते कुणी पाहिलेलं नसतं, वीज मात्र त्याला लागलेली असते.

माझे सेकंदाला शंभर हेलकावे पडद्यावर कधीच पोचणार नव्हते. चाळीस सरळ कचऱ्यात. प्रत्यक्षात शंभरही होत नव्हते, कारण विंडोजचं आतलं घड्याळ स्वतःहून १५.६ मिलिसेकंदांना एक टोला द्यायचं, सेकंदाला ६४ टोले. ६४ चित्रं आणि ६० गाड्या. म्हणजे सेकंदाला चार चित्रं वाया, आणि ती वाया जाताना हालचालीत एक बारीक उसळी. ती उसळी मला त्या रात्री दीड वाजताही दिसली होती. ज्योतच आहे, थरथरणारच, म्हणून मी ती खपवून घेतली.

या टोल्यांवरून ब्राउझरांची आपसात एक वेगळी शर्यत चालली होती, ती मला बरीच नंतर कळली. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आलं तेव्हा बाकीचे ब्राउझर टायमरला साधारण १० ते १५ मिलिसेकंदांच्या आत येऊ देत नसत. क्रोमनं ठरवलं, आपण १ मिलिसेकंदाला परवानगी द्यायची. त्यासाठी ते विंडोजचं घड्याळच जोरात पळवायचं. पानं खरोखर चपळ वाटायला लागली. पण पुष्कळ पानांमध्ये 'शून्य मिलिसेकंदांनी पुन्हा बोलव' असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांनी शून्य लिहिलं ते दहा-पंधरा मिळतील या भरवशावर, आणि आता त्यांना खरंच जवळजवळ शून्य मिळू लागलं. प्रोसेसर घाण्याच्या बैलासारखा फिरू लागला. शेवटी तडजोड झाली ४ मिलिसेकंदांवर. एकातून एक असे पाच टायमर लागले की पुढच्याला किमान चार मिलिसेकंद थांबायचं, हा नियम एचटीएमएलच्या, म्हणजे वेबची पानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, मानकात गेला आणि आजही आहे. या चारच्या आकड्यामागे कसलंही गहन गणित नाही. चपळाईच्या बाजूनं ओढणारे आणि बॅटरीच्या बाजूनं ओढणारे दमून जिथे थांबले, तिथे चार लिहिलेलं होतं.

पण टायमर कितीही घासूनपुसून बारीक केला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. पानाचं घड्याळ वेगळं, पडद्याचं वेगळं.

तो प्रश्न उलटा करून विचारला रॉबर्ट ओ'कॅलहन यांनी. ते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात होते, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला बसून फायरफॉक्सच्या चित्र रंगवणाऱ्या भागावर काम करायचे. २०१० मध्ये, म्हणजे माझ्या पणत्यांच्या काही महिने आधी, फायरफॉक्स ४ च्या चाचणी आवृत्तीत त्यांनी एक नवी सोय घातली. नाव मोझ-रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम. पानानं 'मला दर अमुक वेळानं उठव' असं सांगायचंच नाही. पानानं म्हणायचं, 'पुढचं चित्र रंगवायला घेशील तेव्हा मला एकदा हाक मार.' कधी, ते ब्राउझरनं ठरवायचं. गाडी कधी लागणार हे त्यालाच ठाऊक असतं.

यातला 'एकदा' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही हाक एकदाच येते. पुढच्या चित्रासाठी पुन्हा विचारावं लागतं, त्याच्या पुढच्यासाठी पुन्हा. सेट-इंटरव्हलनं एकदा ताट उचललं की उचललं. इथे दर घासाला विचारणं आहे. आणि विचारल्यावर समोरून उत्तर न येण्याचीही मुभा आहे. टॅब मागे गेला, पडदा दिसत नाही, तर ब्राउझर हाकच मारत नाही. पान काही चुकीचं करत नाही, रागावत नाही, नुसतं थांबून राहतं. काकांच्या गल्ल्यामागे माझ्या पणत्या आपोआप शांत झाल्या असत्या. मला एक ओळही जास्तीची लिहावी लागली नसती.

ओ'कॅलहन यांच्या मनात वीज वाचवणं होतंच, पण त्याहून वेगळी एक गोष्ट होती. पानावर काही हालचाली जावास्क्रिप्ट करतं, काही पानाचं रूप ठरवणारं सीएसएस स्वतः करतं, काही रेषांची चित्रं काढणारं एसव्हीजी करतं. सगळ्यांनी आपापल्या वेळी घड्याळ पाहिलं तर एकत्र सुरू झालेल्या दोन गोष्टी हळूहळू एकमेकींपासून सुटायला लागतात. म्हणून त्यांनी एका चित्रापुरता सगळ्या पानाला एकच 'आत्ता' दिला. आजच्या मानकातही तेच आहे. एका फ्रेममध्ये ज्यांना ज्यांना हाक जाते त्या सगळ्यांच्या हातात अगदी तीच वेळ ठेवली जाते, मग पहिल्याचं काम व्हायला पाच मिलिसेकंद का लागेनात. चित्र पुरं होईपर्यंत काळ थांबलेला असतो. लग्नघरात भटजींच्या घड्याळात जे वाजले असतील तेच वाजलेले असतात, तसं. माझ्या चोवीस पणत्या चोवीस वेळा घड्याळ बघत होत्या आणि प्रत्येकीचं उत्तर थोडं वेगळं होतं.

क्रोमनं हीच कल्पना उचलली, जेम्स रॉबिन्सन यांनी ती वेबकिटमध्ये, म्हणजे क्रोम तेव्हा ज्या इंजिनावर चालायचं त्यात, आणली, आणि २०११ च्या मार्चमध्ये क्रोम १० मधून ती लोकांपर्यंत पोचली. फरकासकट, अर्थात. मोझिलाच्या पहिल्या रूपात केलेली विनंती मागे घेण्याची सोय नव्हती, वेबकिटनं ती घातली. वेबकिटच्या रूपात आणखी एक गोष्ट सांगता यायची, की ही हालचाल पानावरच्या कुठल्या चौकोनासाठी आहे. तो चौकोन नजरेआड गेला तर हाक मारायला नको, असा विचार. विचार चांगला होता, पण मानकातून तो शेवटी गळला. लिहिणाऱ्यानं एक चौकोन सांगावा आणि हलवावेत चार, हे होणारच होतं. मी तरी केलंच असतं.

याच सुमारास, २०१० च्या ऑगस्टमध्ये, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत वेब परफॉर्मन्स नावाचा गट स्थापन झाला. रॉबिन्सन आणि मोझिलाचे कॅमेरन मॅककॉर्मॅक यांनी मिळून मसुदा लिहायला घेतला, त्याची पहिली आवृत्ती २०११ च्या जूनमध्ये आली. नाव अगदी सरकारी, 'स्क्रिप्टवर आधारित अ‍ॅनिमेशनसाठी वेळेचं नियंत्रण'. त्याच गटात शेजारी दुसरा मसुदा चालू होता, पेज व्हिजिबिलिटी, म्हणजे पान दिसतंय की लपलंय हे पानालाच कळण्याची सोय. त्याचे संपादक मायक्रोसॉफ्टचे जतिंदर मान आणि गुगलचे अरविंद जैन. बाजारात या दोन कंपन्या तेव्हा एकमेकींचे ब्राउझर खाली खेचायला टपलेल्या, आणि इथे दोन माणसं एकाच कागदावर 'लपलेलं' म्हणजे नक्की काय याची व्याख्या करतायत. खिडकी मिनिमाइज केली तर लपलेलं, दुसऱ्या टॅबमागे गेलं तर लपलेलं. काकांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमागे गेलं तर? ब्राउझरला स्वतःवर कुणी चढून बसलंय हे दर वेळी कळतंच असं नाही. म्हणजे इतकं सगळं होऊनही त्या दिवशी पुढचा टॅब माझाच असता तर कदाचित पंखा घरघरलाच असता.

मधल्या काळात आम्हा लिहिणाऱ्यांचे हाल होते. मोझिलाचं नाव मोझनं सुरू होणारं, क्रोमचं वेबकिटनं. इंटरनेट एक्सप्लोरर ९ मध्ये काहीच नाही. ऑपेरात काम करणाऱ्या एरिक मोलर यांनी एक छोटा तुकडा लिहिला होता. जो ब्राउझर जे देईल ते घ्यायचं, काहीच देत नसेल तर जुना टायमर वापरून वेळ भागवायची. तो तुकडा आम्ही सगळ्यांनी इतक्या ठिकाणी चिकटवला, की मला तो कित्येक वर्षं तोंडपाठ होता. पसायदानानंतर मला पाठ असलेला तोच सगळ्यात लांब मजकूर असावा.

आता जेक्वेरीची गोष्ट. मला या सगळ्या इतिहासात ती सगळ्यात जवळची वाटते, कारण ती चुकीची गोष्ट आहे आणि त्या चुकीत मी होते.

जेक्वेरी म्हणजे जावास्क्रिप्टच्या आयत्या तुकड्यांचा साठा, तेव्हा तो जिथे तिथे होता. त्यातल्या हालचालींचा टायमर १३ मिलिसेकंदांचा होता, म्हणजे सेकंदाला साधारण ७७ चित्रं, गाड्या ६०. २०११ च्या मे महिन्यात १.६ आवृत्ती आली आणि त्यांनी टायमर काढून नवी सोय लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही उत्साहानं एका गिऱ्हाइकाच्या साइटवर नवी आवृत्ती चढवली. तिथे वर फोटोंची सरकती पट्टी होती, दर चार सेकंदांनी पुढचा फोटो. जेवायला गेले, आले, टॅब पुन्हा उघडला, आणि फोटो एकामागून एक धावत सुटले. थांबेचनात. अर्ध्या तासात सरकायला हवे होते तेवढे सगळे फोटो रांगेत उभे होते आणि आता आपापली पाळी उरकून घेत होते. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे अख्खी पागा आली होती.

कारण समजलं तेव्हा हसू आलं. फोटो कसा सरकायचा हे नव्या पद्धतीवर गेलं होतं, ते लपलेल्या टॅबमध्ये थांबलं. पण केव्हा सरकायचा हे अजून सेट-इंटरव्हलच सांगत होता, आणि तो वाढपी काही थांबला नव्हता. दर चार सेकंदांनी नवा हुकूम, आणि हुकूम बजावणारा झोपलेला. असे बिघाड जगभरातून इतके आले की त्याच वर्षी १.६.३ मध्ये जेक्वेरीनं नवी सोय काढून टाकली आणि ती परत गेली १३ मिलिसेकंदांच्या टायमरवर. ती पुन्हा आली २०१६ च्या जूनमध्ये, जेक्वेरी ३.० बरोबर. मध्ये पाच वर्षं.

त्या पाच वर्षांत चांगली सोय हाताशी होती, बहुतेक ब्राउझरांमध्ये होती, आणि जगातल्या असंख्य साइट ती वापरत नव्हत्या, कारण एका घरात दोन घड्याळं चालत नाहीत. कुणी म्हणेल माणसांना नवं शिकायचा कंटाळा. मला ते पटत नाही. माझी सरकती पट्टी लिहिणाऱ्यानं, म्हणजे मीच, कधी विचारच केला नव्हता की पान कुणी बघत नसतानाही वेळ जातो. थिएटरात कुणी नसेल तर नाटक चालू ठेवायचं का, हा प्रश्न नाटकवाल्यांना पडतो. आम्हाला पडला नव्हता.

ब्राउझरांनाही एव्हाना कळून चुकलं होतं की विनंतीवर सगळं भागत नाही. २०११ मध्येच क्रोम ११ आणि फायरफॉक्स ५ या दोघांनी मागच्या टॅबमधल्या टायमरना सेकंदाला एकदाच उठायची परवानगी ठेवली. दोघांनी साधारण एकाच काळात केलं हे महत्त्वाचं. एकट्या ब्राउझरनं असा चाप लावला की पान बिघडतं, आणि माणूस म्हणतो, 'त्या दुसऱ्यात तर चालतंय.' संयम हा एकट्यानं पाळायचा म्हटलं तर तोट्याचा धंदा आहे. मग पुढे चाप आवळत गेले. २०१७ मध्ये क्रोम ५७ नं मागच्या टॅबला खर्चाची मर्यादा घालून दिली, प्रोसेसरच्या एका गाभ्याचा सरासरी एक टक्का. २०२१ मध्ये क्रोम ८८ आलं, त्यात पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या पानाचे साखळीनं चालणारे टायमर मिनिटाला एकदाच उठू लागले. गाणं वाजत असेल तर सूट. मग अर्थातच पळवाटा निघाल्या. कुणी निःशब्द ध्वनिफीत वाजत ठेवली, ऐकू काहीच येत नाही पण ब्राउझरला वाटतं गाणं चालू आहे. कुणी टायमर पानाच्या मागे वेगळं काम करणाऱ्या वेब वर्करमध्ये नेऊन ठेवला, तिकडे चाप नव्हता. हे वाचताना मला आमच्या सोसायटीतली पाण्याची वेळ आठवते. पाणी सकाळी दोन तास म्हटलं की लोक टाक्या बसवतात.

भारनियमनाच्या दिवसांत काम केलेल्या माणसाला या भांडणातली बाजू निवडायला वेळ लागत नाही. तेव्हा आमच्याकडे वीज जायची ती वेळापत्रकानं, आणि लॅपटॉपवर उरलेले चाळीस टक्के हेच माझे कामाचे तास असायचे. तेव्हापासून मला वाटतं की पानाला माझी बॅटरी वापरायचा हक्क नाही, त्यानं मागून घ्यावी. हे लिहिणारी बाई पूर्वी चोवीस पणत्यांवर २४०० हेलकावे उधळत होती, हे मान्य आहे.

विचारून करण्याची सवय पुढे आणखी एका मानकात उतरली, रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक. क्रोम ४७ मध्ये, २०१५ च्या शेवटाला आलं. हालचाल संपून पुढची गाडी यायला वेळ आहे, हातात काही मिलिसेकंद मोकळे आहेत, तेव्हा बिनघाईची कामं करून घ्यायची. माझी आई तव्यावर एक भाकरी असताना दुसरी थापते. तिला कुणी सांगावं लागत नाही की तव्यावरची उलटायच्या आत हात मोकळा व्हायला हवा. ब्राउझर मात्र पानाला स्पष्ट आकडा सांगतो, तुझ्याकडे इतके मिलिसेकंद आहेत, आणि समोर काहीच चालू नसलं तरी पन्नासाच्या वर देत नाही. पन्नास का? बोट टेकवल्यापासून शंभर मिलिसेकंदांच्या आत काही घडलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. कुणी अचानक बोट टेकवलंच तर पन्नास तुझं काम संपायला आणि पन्नास उत्तर द्यायला. मला हा हिशेब फार आवडतो. चाराच्या आकड्यासारखा दमून आलेला नाही, माणसाच्या बोटापासून मोजत आलेला आहे.

आईवरून आठवलं. तिला चक्कर येण्याचा त्रास आहे, कानातल्या तोलाचा. बोट सरकवलं की मागचं चित्र वेगळ्या गतीनं सरकतं, अशी पानं मध्यंतरी फार बोकाळली होती. अशा एका पानावर विजेचं बिल शोधता शोधता ती फोन ठेवून आडवी झाली. सफारीनं २०१७ मध्ये पहिल्यांदा एक सोय दिली, माणसानं आपल्या यंत्रात 'हालचाल कमी' निवडली असेल तर ते पानाला कळतं. पुढे सगळीकडे आली. पान त्याकडे लक्ष देईलच असं नाही. मी तिच्या फोनवर ते बटण चालू करून दिलं तेव्हा तिनं विचारलं, "मग हे आधीच बंद का नसतं?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

अ‍ॅनिमेशन-फ्रेमच्या त्या मानकाचं पुढे काय झालं? २०१३ मध्ये तो मसुदा डब्ल्यूथ्रीसीत उमेदवारीच्या, म्हणजे पक्कं मानक होण्याच्या आधीच्या, पायरीपर्यंत गेला, आणि नंतर स्वतंत्र न राहता एचटीएमएलच्या मोठ्या मानकात विरघळला. ते योग्यच झालं. चित्र केव्हा रंगवायचं हे पानाच्या जगण्याच्या लयीशी इतकं बांधलेलं आहे की त्याचं वेगळं पुस्तक करून चालत नाही. बारीक घड्याळाची गंमत मात्र सांगायला हवी. त्याच गटानं २०१२ च्या डिसेंबरात मिलिसेकंदाहून बारीक मोजणारं घड्याळ मानक म्हणून पक्कं केलं. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांमधला स्पेक्टर नावाचा दोष उघड झाला, ज्यात अतिसूक्ष्म वेळ मोजून दुसऱ्याची गुपितं काढता येत होती. आठवड्याभरात ब्राउझरांनी आपापली घड्याळं मुद्दाम बोथट करायला घेतली. फायरफॉक्सनं २० मायक्रोसेकंदांवर आणलं, क्रोमनं ५ वरून १०० वर. घड्याळ दिलं, आणि मग त्यावर हळूच वाफ धरली.

गेल्या दिवाळीत भाचा सुट्टीला आला होता. त्यानं गेम खेळायला १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय, तो सोबत आणला होता, म्हणजे बघा. जुन्या डिस्कवर मला काकांच्या पणत्यांचं पान सापडलं. २०११ मध्ये मी ते नव्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं होतं, चोवीस टायमर काढून एकच हाक. अभिमानानं त्याच्या मॉनिटरवर उघडलं.

"मावशी, वारा सुटलाय का?" तो म्हणाला.

ज्योती वेड्यासारख्या फडफडत होत्या. पाकळ्या तर दगडासारख्या खाली येत होत्या. इथे गाडी १६.६७ ला नव्हती, दर ६.९४ मिलिसेकंदांना होती, आणि मी २०११ मध्ये प्रत्येक हाकेला पाकळी ठरावीक दोन बिंदू खाली ढकलत होते. हाकेबरोबर वेळ हातात दिलेली असते, ती मी घेतलीच नव्हती. साठ म्हणजे साठच, कायमचे, असं मनाशी धरून चालले होते. मानकानं तसं वचन कुठेच दिलेलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची. मागच्या हाकेची वेळ लक्षात ठेवायची, आताच्यातून वजा करायची, जितका वेळ गेला तितकीच पाकळी खाली. पणत्या शांत झाल्या. भाचा दुसऱ्या टॅबवर गेला, कसलासा सामना बघितला, पंधरा मिनिटांनी परत आला, आणि त्याच क्षणी सगळ्या पाकळ्या एकदम गायब. गेला वेळ पंधरा मिनिटं, म्हणून पाकळ्या एका उडीत पंधरा मिनिटं खाली. कुठेतरी टेबलाखाली.

म्हणजे आता कमाल मर्यादा घालायची. कितीही वेळ गेला असला तरी एका हाकेत अमुकपेक्षा जास्त गेला असं धरायचं नाही. मी ५० मिलिसेकंद लिहिलं. मग १०० केलं. भाचा म्हणाला, परत आल्यावर त्या थोड्या तरी पुढे गेलेल्या दिसायला हव्यात, नाहीतर आपण गेलोच नव्हतो असं वाटतं. मी म्हटलं, आपण बघत नसताना त्यांनी का पडावं? त्यावर आमचं फराळ होईपर्यंत चाललं. तूर्त २५० आहे.